जुन्या गाडीचा धूर आणि पासिंगचा कागद



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर इतिहास, साहित्य, धर्म, राजकारण असे भारदस्त विषय मांडले जात आले आहेत. माझा विषय त्या मानाने काळवंडलेला आहे. मी धुराविषयी बोलणार आहे, आणि तोही जुन्या गाडीच्या धुराविषयी. माझे शालेय शिक्षण आठवीपर्यंतच झाले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या टेबलावर आणि गॅरेजच्या बाकड्यावर झाले. रिक्षा, टेंपो आणि टॅक्सी चालविणाऱ्यांच्या संघटनेत तीस वर्षे काम करताना इंजिनाची आणि माणसांची कुरकुर मी सारखीच ऐकत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारावरच आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. 'पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात घालावी लागते,' असे वसई स्टेशनाबाहेर कोणीही छातीठोकपणे सांगेल. दिल्ली आणि तिच्या आसपासच्या प्रदेशासाठी न्यायालयांनी वयाच्या मर्यादेचे निराळे आदेश दिले, त्या बातम्या ऐकून हा समज इकडे पसरला. महाराष्ट्रात खाजगी गाडीला तसे सरसकट बंधन नाही. तिची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी पुन्हा करून घेता येते, आणि पर्यावरण कर भरावा लागतो. भाड्याच्या वाहनाचा नियम याहून कडक आहे. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी त्याला योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. आपण साध्या भाषेत त्याला 'पासिंग' म्हणतो. म्हणजे कायदा जुन्या गाडीला 'जा' म्हणत नाही. तो तिला 'दाखव' म्हणतो.

हे दाखविणे मात्र महाग होत चालले आहे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली आणि दुचाकीची ३०० वरून १,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ती १०,००० आणि दुचाकीसाठी २,००० रुपये ठरविण्यात आली. वसई-विरारमध्ये ज्या मोटारींवर एम. एच. ४८ ऐवजी ठाण्याचा एम. एच. ०४ हा क्रमांक दिसतो, त्यांतील पुष्कळ या वयाच्या आहेत. त्या कोणाच्या आहेत ते पाहा. निवृत्त शिक्षकाची मारुती, अर्नाळ्याच्या मासळीवाल्याचा टेंपो, आगाशीच्या बागायतदाराची भाजी वाहणारी गाडी. हौसेने जुनी गाडी ठेवणारा शंभरात एखादा. बाकीच्यांची ती ऐपत आहे. म्हणून जुन्या गाडीची निगा हा माझ्या दृष्टीने रोजीरोटीचा प्रश्न आहे.

परंतु रोजीरोटीचे नाव घेऊन दुसऱ्याच्या नाकात धूर सोडण्याचा परवाना मागता येणार नाही, हेही मी आमच्या सभासदांना स्पष्ट सांगतो. धुराचा पहिला बळी कोण? वालीवच्या नाक्यावर गर्दीत अडकलेली रिक्षा घ्या. पुढच्या टेंपोचा धूर तिच्या चालकाच्या तोंडावर येतो. तिला काच नाही, दार नाही, आणि चालक तेथे दहा-बारा तास बसतो. कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. संध्याकाळी डोके दुखते, ते उन्हाने दुखले असे आपण म्हणतो. डिझेलच्या धुराने माणसास कर्करोग होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. तेव्हा धुराविरुद्धची लढाई ही प्रथम चालकाच्या फुप्फुसासाठी आहे.

आता धूर का होतो ते पाहू. पेट्रोलचा एक भाग पुरता जळण्यास वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. याचा अर्थ असा की, एक लिटर पेट्रोलमागे इंजिन नऊ हजार लिटरच्या आसपास हवा ओढून घेते. आपण पेट्रोल मोजून घेतो. हवा फुकट, म्हणून तिची चौकशी करीत नाही. ती हवा ज्या एअर फिल्टरमधून येते तो धुळीने बुजला की इंजिनाचा श्वास कोंडतो. कार्बोरेटरच्या गाडीत मग पेट्रोल जास्त आणि हवा कमी असे मिश्रण होते. अर्धवट जळालेल्या पेट्रोलापासून कार्बन मोनॉक्साइड होतो. ठिणगी नीट पडली नाही तर पेट्रोल मुळीच न जळता बाहेर पडते, त्याला हायड्रोकार्बन म्हणतात. पहिला दोष मिश्रणाचा, दुसरा बहुधा ठिणगीचा. हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण पी. यु. सी.च्या कागदावर हेच दोन आकडे असतात.

आणि येथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. पी. यु. सी.चा कागद आपण घेतो, घडी करतो आणि खणात टाकतो. पास की नापास एवढेच आपण पाहतो. डॉक्टरने रक्त तपासून अहवाल दिला तर साखर किती, हे आपण चारचौघांना विचारत बसतो. गाडीच्या अहवालातील आकडा मात्र कोणी वाचीत नाही. तो वाचावा, वहीत लिहून ठेवावा, आणि पुढच्या खेपेच्या आकड्याशी ताडून पाहावा. माझ्या एक तासाच्या भाषणातून आपण एवढी एकच गोष्ट घरी नेलीत तरी मला पुरेसे आहे.

मर्यादा किती ते सांगतो. भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल मोटारीला इंजिन मंद चालू असता कार्बन मोनॉक्साइड शेकडा ३ पर्यंत चालतो. भारत स्टेज दोन आणि तीनच्या मोटारीला शेकडा ०.५, आणि भारत स्टेज चारच्या मोटारीला शेकडा ०.३. हायड्रोकार्बनची मर्यादा याच क्रमाने दहा लाख भागांत १,५००, ७५० आणि २०० अशी उतरत जाते. डिझेलच्या गाडीत धुराची दाटी मोजतात. भारत स्टेज चारच्या आधीच्या गाडीस २.४५ आणि स्टेज चारच्या गाडीस १.६२ ही मर्यादा आहे. यावरून दिसेल की, जुन्या गाडीने नवीसारखे व्हावे असे कायदा मागत नाही. तिच्या काळी ती जशी होती तशी राहा, एवढेच तो म्हणतो. दुरुस्तीने जुनी गाडी नवी होत नाही, पण आपल्या काळाची नक्की होऊ शकते.

समजा, स्टेज तीनच्या गाडीचा आकडा मागच्या वर्षी ०.१५ होता आणि यंदा ०.४० आला. कागद म्हणतो, पास. मी म्हणतो, गाडी आजारी पडू लागली आहे. आज एअर फिल्टर, प्लग आणि सेन्सर पाहून घेतलेत तर थोडक्यात भागेल. तसेच जास्त पेट्रोल जाळीत राहिलात तर सायलेन्सरच्या आधी जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो तो तापून निकामी होतो, आणि त्याची किंमत ऐकून माणूस मटकन खाली बसतो. म्हणून आकडा वाढू लागला की नापास होण्याची वाट पाहू नये.

धुराचा रंगही पुष्कळ सांगतो. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजलेली असतात. सकाळी थोडी पांढरी वाफ निघून थांबली तर घाबरू नये, पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर चालूच राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले तर हेड गॅसकेट पाहावे. डिझेल टेंपोवाल्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. चढावर गाडी ओढीत नाही म्हणून काहीजण पंपाचे डिझेल वाढवून घेतात. ओढ थोडी वाढते, धूर दुप्पट होतो, आणि चिंचोटीच्या चढावर मागून येणारे सगळे आपल्या नावाने खडे फोडतात. ओढ कमी झाली असेल तर आधी एअर फिल्टर पाहा, नोझल तपासून घ्या, ब्रेक चाकाला घासत तर नाहीत ना ते पाहा, टायरमधली हवा पाहा.

आपल्या वसईचे दोन खास शत्रू आहेत. एक खारा वारा आणि दुसरे पाणी. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तितकेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांब प्रवासात ती वाफ बाहेर निघून जाते. पण आपल्याकडे गाडी घरातून निघते, स्टेशनावर जाते आणि परत येते. सायलेन्सर पुरता तापत नाही, पाणी आत साचते आणि आतून गंज चढतो. बाहेरून समुद्राची खारी हवा आहेच. मग जोडाला बारीक भोक पडते. पुष्कळांना वाटते, थोडा आवाज वाढला एवढेच. तसे नाही. त्या भोकातून बाहेरची हवा आत शिरते, ऑक्सिजन सेन्सरला वाटते की हवाच फार झाली, आणि इंजिनाचा संगणक उगाच जास्त पेट्रोल सोडू लागतो. एका भोकापायी पेट्रोल जाते, धूर वाढतो आणि तपासणीही अडते. म्हणून दसऱ्याला गाडीला हार घालण्यापूर्वी तिच्या पोटाखाली एकदा वाकून पाहावे. चार महिन्यांचा पाऊस तेथे काय करून गेला ते दिसेल. नालासोपाऱ्याला किंवा वसईला रस्त्यावर पाणी भरले असता गाडी त्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. ती ढकलून बाहेर काढावी आणि मेकॅनिकला दाखवावी. पाणी सिलिंडरात गेले असेल तर एका स्टार्टरने कनेक्टिंग रॉड वाकतो.

आणखी एक नवी गोष्ट. २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात सुमारे २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि जुन्या गाडीतील काही रबरी नळ्या व वायसर त्याला पुरे पडत नाहीत. जुनी गाडी महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये. इंधनाच्या नळ्या चिरल्या आहेत का, पेट्रोलचा वास येतो का, हे पाहत जावे. गॅसवर चालणाऱ्या रिक्षा आणि मोटारी स्वच्छ खऱ्या, पण गॅस म्हणजे सुटी नव्हे. गॅसवर व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते, म्हणून टॅपेट वेळेवर तपासावेत. सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी चाचणी कधीही चुकवू नये, कारण तेथे प्रश्न धुराचा नसून प्राणाचा आहे.

तपासणीस जाताना काय करावे? यात लबाडी काही नाही, नुसती शिस्त आहे. गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून पूर्ण गरम करून न्यावी. थंड इंजिन पेट्रोल जास्त खाते, आणि कन्व्हर्टर तापल्याखेरीज कामास लागत नाही. ऑइल काळे झाले असेल तर आधी बदलावे, कारण त्यात मुरलेल्या पेट्रोलाची वाफही इंजिनात जाऊन आकडा वाढविते. इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असेल तर तो का लागला ते विचारावे. दिव्याची वायर काढून टाकणारे कारागीर मी पाहिले आहेत. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखा तो प्रकार आहे.

आता कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला? गाडी न दाखवताही कागद मिळतो. मिळत असेल. असा कागद पोलिसाला दाखविता येतो, फुप्फुसाला दाखविता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय वाहनांची योग्यता माणसाच्या नजरेऐवजी यंत्रांनी ठरवावी, यासाठी केंद्र सरकारने २०२१ साली स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले आहेत. यंत्राशी ओळख काढता येत नाही. तेव्हा खरी दुरुस्ती हीच पुढे स्वस्त पडणार आहे.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे उदाहरण आपल्यासमोर आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात कामगारांनी घडविलेली ही गाडी. नव्वदीच्या अखेरीस मुंबईच्या धुराने त्रासलेले नागरिक उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १९९९ पासून जे आदेश दिले त्यांचा रोख असा होता की, जुन्या टॅक्सींनी स्वच्छ इंधनावर यावे, नाहीतर रस्ता सोडावा. टॅक्सीवाल्यांवर तो मोठा घाव होता. गॅसच्या यंत्रणेचा खर्च, पंपांवरील रांगा, डिकीत बसलेला सिलिंडर, हे सर्व त्यांनी सोसले. परंतु त्यामुळेच ती गाडी पुढे दोन दशके धावू शकली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ सालची. वीस वर्षांची वयोमर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. वर्षातून एकदा पासिंगला उभी राहणारी ती गाडी एवढा काळ टिकली, यात नशिबाचा भाग थोडा आणि गॅरेजमधल्या हातांचा भाग मोठा.

त्या इतिहासातून संघटनेचा माणूस म्हणून मी एक प्रश्न घेतो. स्वच्छतेचा खर्च कोणी करावयाचा? आमच्याकडे गाडी एकाची आणि चालवतो दुसरा, असा प्रकार पुष्कळ आहे. चालक रोजाने गाडी घेतो, रोजचे ठरलेले भाडे मालकाला देतो, उरेल ते घरी नेतो. रिंगा बदलावयाच्या तर मालक म्हणतो, तू जोरात चालवलीस. चालक म्हणतो, गाडी तुझी. दोघांच्या वादात गाडी धूर ओकत फिरते. असा एक चालक माझ्याकडे आला होता. पासिंगला गाडी अडली, मालक दुरुस्तीस तयार होईना, आणि आठ दिवस याची चूल थंड. त्याने ते इंजिन झिजविले नव्हते, ते त्याच्या हाती आले तेव्हाच झिजलेले होते. पण हे सिद्ध कसे करावयाचे? लेखी काहीच नव्हते.

म्हणून आम्ही वहीचा आग्रह धरतो. दोन रुपयांची असो की वीस रुपयांची, प्रत्येक गाडीला एक वही असावी. ऑइल कधी बदलले, किती किलोमीटरला बदलले, फिल्टर, प्लग, टॅपेट, नोझल आणि पी. यु. सी.चे दोन आकडे, एवढे तिच्यात तारीखवार लिहावे. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देताना आकडा दोघांच्या सहीने लिहावा. ऑइल, फिल्टर, प्लग ही रोजची निगा, ती चालकाने वेळेवर करून घ्यावी आणि भाड्यातून वळती करावी. रिंगा, कन्व्हर्टर, पंप ही मालमत्तेची झीज, ती मालकाने भरावी. असे लिहून ठेवले की भांडणाला जागा राहत नाही. खाजगी गाडीच्या घरीही ही वही उपयोगी पडते. गाडी विकताना शंभर बढाया मारण्यापेक्षा अशी वही पुढे ठेवावी, गिऱ्हाईक गप्प होते.

सरकारकडेही आमचे मागणे आहे. पासिंगला उशीर झाला म्हणून रोज ५० रुपये दंड, असा नियम होता. त्याविरुद्ध रिक्षा-टॅक्सी संघटनांनी आवाज उठविला आणि २०२४ साली राज्य शासनाला माघार घ्यावी लागली. तो लढा योग्यच होता, कारण दंडाने धूर कमी होत नाही. दंडात गेलेल्या पैशातून प्लग येत नाही. परंतु दंड नको म्हणणाऱ्याने दुरुस्ती करतो असेही म्हटले पाहिजे, नाहीतर आपल्या मागणीचे वजन राहत नाही. वाढीव फीचा काही भाग जुन्या गाडीच्या दुरुस्तीच्या सवलतीसाठी ठेवावा आणि प्रत्येक मोठ्या रिक्षातळावर महिन्यातून एक दिवस मोफत धूरतपासणी व्हावी. तिथे नापास झालेल्यास पावती फाडून दंड न करता पंधरा दिवसांची मुदत द्यावी. ही मागणी मला रास्त वाटते.

आणि जी गाडी खरोखर संपली आहे तिचे काय? तिला निरोप द्यावा. रिंगा बदलूनही निळा धूर थांबत नाही, साठा गंजून चालला आहे, दर चार महिन्यांनी हजारोंनी खर्च येतो आहे, असे वही सांगू लागली की भावनेला आवर घालावा. २०२१ च्या धोरणानुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत काढली तर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीसाठी सवलत मिळू शकते. मोडीत कधी काढावी, हे वयाच्या आकड्यापेक्षा आपल्या वहीतील आकडे अधिक प्रामाणिकपणे सांगतात.

शेवटी एवढेच. हवा ही वसईच्या बावखलांसारखी सर्वांची आहे. बावखलात कोणी घाण टाकली तर गावकरी त्याला हटकतात. हवेत टाकलेली घाण वाऱ्याबरोबर पुढे जाते, म्हणून कोणी हटकीत नाही. ती पुढच्या आळीत कोणाच्या तरी मुलाच्या छातीत उतरते. ज्याची गाडी जुनी आहे त्याला हिणवू नका. त्याला विचारा, तुझ्या गाडीचा आकडा किती? आणि तो सांगू शकला तर त्याला हात जोडा. नव्या गाडीचा कागद न वाचणाऱ्यापेक्षा तो चांगला नागरिक आहे.